दाद देणारे आणि दाद मागणारे

'चक्र' ही कादंबरी, 'चक्र' आणि 'कोर्ट' हे दोन चित्रपट, व एक निकालपत्र

मराठीत 'दाद' हा शब्द दोन ठिकाणी येतो. मैफलीत रसिक गवयाला दाद देतो, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो सरकारदरबारी दाद मागतो. शब्द फारसीतून आलेला. त्याचा मूळ अर्थ न्याय. बहमनी राज्याची पहिली राजधानी असलेल्या आणि १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या आमच्या गुलबर्ग्यास हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या दोन अर्थांमध्ये किती अंतर पडले आहे, हे शहरांतील गरिबांविषयीचे मराठी लेखन व चित्रपट पाहताना आम्हांस वारंवार जाणवते. झोपडीचे चित्र काढणाऱ्या कलावंतास आम्ही मनःपूर्वक दाद दिली. त्या झोपडीतील माणसाने दाद मागावी तर कोठे, कशी आणि कोणत्या आधारावर, हा प्रश्न मात्र त्या कलाकृतींनी क्वचितच विचारला आणि आम्हां वाचकांनीही त्यांना विचारला नाही. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे.

हा प्रश्न सीमाभागातून विचारला जावा ह्यास कारण आहे. गुलबर्गा, म्हणजे २०१४ च्या नोव्हेंबरपासूनचे कलबुर्गी, हे कोरडवाहू मुलखाचे शहर आहे. निजामाच्या अमदानीत उभी राहिलेली महबूबशाही गिरणी आता बंद आहे. तथापि पोट भरण्यासाठी खेड्यांतून शहराकडे येणारी वाट बंद झालेली नाही. येणाऱ्यांच्या घरांत कन्नड, उर्दू, मराठी, तेलुगू, लंबाणी अशा अनेक भाषा नांदतात. निजामाच्या काळी सरकारी कागद उर्दूत येई. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो कन्नडमध्ये येऊ लागला. घरी मराठी अथवा कोंकणी बोलणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनी ह्या दोन्ही भाषा शिकून घेतल्या आणि आपले व्यवहार सांभाळले. ज्यास कोणतीच लिपी येत नाही त्याचे काय झाले असेल, हे सांगावयास नको. आलेला कागद ज्याला वाचता आला नाही, त्याचा हक्क त्या कागदातच राहून गेला.

प्रथम कादंबरी पाहू. जयवंत दळवी ह्यांची 'चक्र' १९६३ साली प्रसिद्ध झाली. दळवींचा जन्म गोव्यातील हडफड्याचा आणि बालपण वेतोबाच्या आरवलीचे. त्यामुळे ह्या मासिकाच्या मराठी आणि कोंकणी अशा दोन्ही वाचकांस ते आपलेच वाटतात. अशा लेखकाने आपल्या पहिल्याच कादंबरीसाठी ओळखीचा कोंकण सोडून मुंबईची झोपडपट्टी घ्यावी, हे धाडस होते. अम्मा, बेनवा, लुका ही माणसे त्यांनी सोवळ्याच्या अंतरावरून पाहिली नाहीत. त्यांच्या भुकेविषयी आणि वासनांविषयी त्यांनी सारख्याच निर्भीडपणे लिहिले, आणि कोठेही उपदेशाचा सूर लावला नाही. सदाशिवपेठी सभ्यतेत वाढलेल्या वाचकास त्या काळी हे लेखन झोंबले, आणि ते झोंबणे आवश्यक होते. ह्या कादंबरीचे ऋण आम्ही आजही मान्य करतो.

परंतु तिच्या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. 'चक्र' म्हटले की आमच्या मनात भवचक्र येते. ते फिरते, पण फिरवणारा दिसत नाही. त्यातून सुटका असलीच तर कृपेने. कादंबरीतील दुःखाला हे नाव दिल्याबरोबर ते दुःख प्राक्तनाच्या कोटीत जाऊन बसते. वाचक हळहळतो आणि पुस्तक मिटतो. कारण प्राक्तनाशी भांडावयाचे नसते, ते भोगावयाचे असते. झोपडपट्टीतील दुःखे मात्र बहुतांशी अशी निनावी नसतात. नळ कोठे द्यावयाचा हे कोणीतरी ठरवलेले असते. झोपडी पाडण्याच्या हुकमावर कोणाची तरी सही असते, आणि त्या सहीमागे कोणत्या तरी कायद्याचे कलम असते. ज्या दुःखाला सही आहे त्याला चक्र म्हणावे काय? दळवींच्या प्रतिभेविषयी आम्हांस शंका नाही. त्यांच्या रूपकाविषयी आहे.

अठरा वर्षांनी, १९८१ साली, रवीन्द्र धर्मराज ह्यांनी ह्याच कादंबरीवर हिंदी चित्रपट काढला. लोकार्नोच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च सन्मान मिळाला आणि अम्माच्या भूमिकेबद्दल स्मिता पाटील ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्यांच्या अभिनयाविषयी आता नव्याने काही लिहिण्याची गरज नाही. त्या चित्रपटाच्या जाहिरातीविषयी मात्र लिहिले पाहिजे. उघड्यावर स्नान करणाऱ्या अम्माचे दृश्य फलकांवर रंगवून प्रेक्षक गोळा करण्यात आले, आणि स्वतः स्मिता पाटील ह्यांनी त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. अम्मा उघड्यावर स्नान करते ती हौसेने नव्हे. तिला मोरी नाही, आडोसा नाही, घरात नळ नाही. जो अभाव चित्रपटाने दाखवला त्याचाच बाजार जाहिरातीने मांडला. गरिबाचे दुःख पाहण्याची वस्तू झाले म्हणजे काय होते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

चित्रपटाच्या अखेरीस बुलडोझर येतो आणि वस्ती सपाट करतो. प्रसंग परिणामकारक आहे. परंतु यंत्र आले, घरे गेली, माणसे पुढे निघाली, एवढाच त्याचा आशय. नोटीस आली होती का, कोणी विचारणा केली का, कोणी हरकत घेतली का, ह्यांतील एकही प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभा राहत नाही. महापूर यावा तसा बुलडोझर येतो.

आता ह्याच वर्षी मुंबईत प्रत्यक्ष काय घडले ते पहावे. १३ जुलै १९८१ रोजी, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री बॅ. अंतुले ह्यांनी फूटपाथवर व झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याची घोषणा केली. त्याविरुद्ध फूटपाथवरील काही रहिवासी आणि ओल्गा टेलिस ह्या पत्रकार न्यायालयात गेल्या. म्हणजे पडद्यावरील अम्माची झोपडी मुकाट्याने पडत होती, त्याच सुमारास अम्मासारखीच माणसे पडद्याबाहेर दाद मागत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. निकालपत्र सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांचे. दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले.

निकालपत्राची समीक्षा साहित्याच्या लेखात कशाला, असे कोणी विचारील. आमच्या मते हे निकालपत्र शहरी दारिद्र्यावरील महत्त्वाच्या लेखनांत गणले पाहिजे. त्याच्या आरंभी फूटपाथवरील जीवनाचे जे वर्णन आहे, ते एखाद्या कादंबरीकाराने लिहिल्यासारखे आहे. पण कादंबरीकार जेथे थांबले, तेथून ते पुढे जाते. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. कारण उपजीविकेचे साधन काढून घेतले की जीवन काढून घेतल्यासारखेच होते, हे त्याने मांडले. माणूस फूटपाथवर का राहतो? कारण काम जवळ आहे. तेथून त्याला उठवले की झोपडीबरोबर कामही जाते. ही गोष्ट झोपडीतील प्रत्येकास माहीत होती. तिला राज्यघटनेच्या २१ व्या कलमात जागा मिळाली ती ह्या निकालाने.

निकालातील दुसरा मुद्दा आम्हांस त्याहून मोलाचा वाटतो. फूटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आपण सांगत नाही, अशी कबुली रहिवाशांच्या वतीने आधी उच्च न्यायालयात देण्यात आली होती. आता त्यांना तसे म्हणता येणार नाही, असा महानगरपालिकेचा आक्षेप होता. न्यायालयाने तो फेटाळला. मूलभूत हक्क कोणी अजाणतेपणे वा अडचणीत सापडून सोडून दिला, तरी तो सुटत नाही, असे ते म्हणाले. ज्यास आपला हक्क ठाऊक नाही त्याचाही हक्क शाबूत असतो, असा ह्याचा सरळ अर्थ. अज्ञानाने हक्क झाकला जातो, नष्ट होत नाही. झाकलेले उघडून दाखवणारा कोणी भेटावा लागतो.

तिसरा मुद्दा सुनावणीचा. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या ३१४ व्या कलमाप्रमाणे आयुक्तांना नोटीस न देताही अतिक्रमण काढता येत होते. न्यायालयाने कलम रद्द केले नाही; परंतु नोटीस न देणे हा अपवाद असावा, शिरस्ता नसावा, असे सांगितले. ज्याचे घर पाडावयाचे त्यास आधी विचारणे म्हणजे त्यास वस्तू न मानता माणूस मानणे, हा त्यामागील विचार. निकालपत्रातील हे विवेचन आम्हांस अत्यंत उदात्त वाटते.

आणि येथेच त्याचे वैगुण्यही सांगितले पाहिजे. सुनावणीची एवढी थोरवी गाऊन न्यायालयाने अखेर असे ठरवले की, त्यांचे म्हणणे आम्हीच ऐकले आहे, आता आयुक्तांनी निराळे ऐकण्याची गरज नाही. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, मुदत मिळाली. त्यानंतर फूटपाथ मोकळे करण्यास परवानगी राहिली. १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रे मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी, असे मात्र सांगण्यात आले. ज्याने ते कार्ड पेटीच्या तळाशी जपले त्याला जागेची आशा. ज्याचे पावसात भिजून गेले त्याची आशाही गेली. तत्त्व गरिबांच्या बाजूने आणि व्यवहार महानगरपालिकेच्या बाजूने, असे ह्या निकालाचे दुभंगलेले रूप आहे. तरीही 'चक्र'मधील मुक्या बुलडोझरपेक्षा हा दुभंग बरा. त्याने पुढील माणसाच्या हाती बोलण्यास एक वाक्य तरी दिले.

ते वाक्य बोलावयास शिकलेली माणसेही मुंबईतच होती. भायखळ्याच्या फूटपाथवरील स्त्रियांमध्ये 'स्पार्क' ह्या संस्थेने १९८४ पासून काम सुरू केले. निकालाच्याच वर्षी, १९८५ मध्ये, फूटपाथवासीयांची एक गणना करण्यात आली आणि तिच्या अहवालाचे नाव 'आम्ही, न दिसणारी माणसे' अशा अर्थाचे ठेवले गेले. पुढील वर्षी ह्या स्त्रियांचे 'महिला मिलन' उभे राहिले. राष्ट्रीय झोपडपट्टीवासी संघटना ही ह्या कार्यातील तिसरी भागीदार. तिचे जॉकिन अर्पुथम हे आमच्या कर्नाटकातील कोलार सोन्याच्या खाणींच्या गावचे. त्यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये ते निवर्तले. ह्या स्त्रिया काय शिकल्या? रेशनकार्ड कसे मागावयाचे, पोलीस चौकीवर काय बोलावयाचे, बचतीचा हिशेब कसा ठेवावयाचा, आणि आपली संख्या आपणच मोजून अधिकाऱ्यापुढे कशी ठेवावयाची. हे सारे दिसावयास किरकोळ आहे. पण चौकीच्या पायरीवर थरथरणारी बाई जेव्हा खुर्ची ओढून बसते आणि 'कागद दाखवा' असे म्हणते, तेव्हा तिच्या आयुष्यात जे पालटते त्यावर थोर कादंबरी होऊ शकते. आमच्या वाचनात तरी ती अद्याप आलेली नाही.

चैतन्य ताम्हाणे ह्यांचा 'कोर्ट' (२०१४) हा चित्रपट ह्या जागेच्या सर्वांत जवळ येतो. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. नारायण कांबळे हे वृद्ध शाहीर. त्यांचे गाणे ऐकून वासुदेव पवार ह्या गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली, असा त्यांच्यावर आरोप. खटला रेंगाळत चालतो. कोणी दुष्ट नाही. न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचे वकील, सारे आपापल्या कामात गुंतलेले. आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष. नवऱ्याला संरक्षणाची साधने मिळत नव्हती, घाणीमुळे त्याचा एक डोळा गेला होता, आत जिवंत हवा आहे का हे तो झुरळे बाहेर येतात की नाही ह्यावरून ओळखत असे, हे ती कोणताही आव न आणता सांगते. नंतर वकील तिला आपल्या मोटारीतून घरी सोडतात आणि पैसे देऊ करतात. ती पैसे घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते. दया नाकारून मागणे मांडणारी ही बाई मराठी कलाविश्वात नवी आहे.

तथापि तिलाही तिचा हक्क कोणी सांगत नाही. गटारात उतरून मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये भरपाई द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २७ मार्च २०१४ रोजी, म्हणजे 'कोर्ट' ज्या वर्षी लोकांपुढे आला त्याच वर्षी, झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाखांवर नेण्यात आली. ताम्हाणे ह्यांचा रोख दुसरीकडे आहे, आणि त्यांनी आपला विषय चोख हाताळला आहे. म्हणून ही त्यांची चूक आम्ही मानीत नाही. पण प्रेक्षागृहातून बाहेर पडणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या बाईचा चेहरा आठवतो, आणि तिला काय मिळावयास हवे होते हे मात्र सांगता येत नाही. २०२१ च्या जानेवारीत आमच्या कलबुर्गीत मॅनहोलमध्ये दोन कामगारांचा जीव गेला. हा प्रश्न मुंबईचाच आहे, असे म्हणून सुटण्यास वाव नाही.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कला म्हणजे कायद्याची माहितीपत्रिका नव्हे. कादंबरीत कलमे घालू लागलो तर कादंबरी मरेल. आम्ही हे पूर्णपणे मान्य करतो. कलमे घालावीत असे आमचे म्हणणे नाही. माणसाला काहीतरी कळते, आणि कळल्यामुळे तो पूर्वीचा राहत नाही, हा तर साहित्याचा फार जुना विषय आहे. नारायण सुर्वे ह्यांनी आपल्या १९६६ च्या संग्रहाचे नाव 'माझे विद्यापीठ' असे ठेवले. गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढवलेल्या आणि पुढे शाळेत शिपाई व मग शिक्षक झालेल्या ह्या कवीने रस्ता हीच शाळा मानली. त्यांच्या कवितेतील कामगार दीनवाणा नाही, कारण तो सतत शिकतो आहे. तेथे कलम एकही नाही, पण आपण कोणाचे उपकार खात नाही ही जाण सर्वत्र आहे. आम्ही मागतो ते एवढेच.

आता वाचकांविषयी. ह्या मासिकाचा वाचक देवालयाशी जोडलेला आहे. दानधर्म त्याच्या अंगवळणी पडलेला आहे. आमच्या जिल्ह्यातील गाणगापुरास दत्तभक्त माध्यान्ही पाच घरी माधुकरी मागतात. तेथे श्रीमंतही झोळी घेतो, आणि वाढणारा मागणाऱ्यापेक्षा वरचा ठरत नाही, कारण मागणाऱ्याच्या रूपाने प्रत्यक्ष गुरूच आले असतील अशी श्रद्धा असते. शहरात शरणबसवेश्वरांची दासोहाची परंपरा; तीतही अन्न हे उपकार म्हणून दिले जात नाही. आमच्या धर्मजीवनातील हा विचार फार उंच आहे. पण व्रताने मागितलेली भिक्षा निराळी आणि हक्क ठाऊक नसल्यामुळे पसरलेला हात निराळा. पहिली अहंकार घालवते, दुसरी माणूसपण घालवते. अन्नदानाच्या पंगतीत बसलेल्या म्हातारीला पेन्शनचा अर्ज कोणी भरून दिला नसेल, तर तिला वाढलेले पान पुण्याचे असले तरी पुरेसे नाही.

देवळाच्या दाराशीच एक कसोटी आहे. तेथे फुले, नारळ, उदबत्ती विकणाऱ्या बाया बसतात. गर्दी वाढली की त्यांना हटवा, असा अर्ज पुष्कळदा देवालयाच्या समितीकडूनच जातो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहरातील विक्रेत्यांची पाहणी होऊन त्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणासही उठवता येत नाही, आणि नगर विक्रेता समितीवर निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. हे त्या फुलवालीला ठाऊक असते काय? आणि अर्जावर सही करणाऱ्या विश्वस्तांना?

सीमाभागातील मराठी माणसास आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. झोपडपट्टी 'घोषित' होणे म्हणजे काय, हे कर्नाटकाच्या १९७३ च्या कायद्यात लिहिलेले आहे, आणि त्या एका शब्दावर सुधारणेची पुष्कळशी कामे अवलंबून असतात. १९८७ च्या कायद्यामुळे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कामगार ह्यांना मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठीचे प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी असते. पुराण सांगण्याची, कठीण ग्रंथ सोपा करून अडाण्यापर्यंत पोहोचविण्याची विद्या आमच्या सभामंडपांनी शतकानुशतके जोपासली. कन्नड नोटीस मराठीत, लंबाणीत, उर्दूत समजावून सांगणे त्या विद्येस कमीपणा आणणारे नाही. आठवड्यातील एक सायंकाळ, एक सतरंजी आणि वाचता येणारी दोन माणसे, एवढ्यावर हे काम चालते.

समीक्षेच्या लेखाचा शेवट सतरंजीवर व्हावा ह्याचे कोणास नवल वाटेल. परंतु झोपडीविषयीची कलाकृती कशी जोखावी ह्याचे उत्तर आम्हांस तेथेच सापडते. तिच्यातील माणूस त्या सतरंजीवर येऊन बसला, तर तो कोणता प्रश्न विचारील? 'चक्र'मधील अम्माकडे प्रश्न नाही, कारण तिच्या लेखकाने तिला फक्त सोसावयास शिकवले. 'कोर्ट'मधील विधवा प्रश्न विचारते, पण उत्तर देणाऱ्याची वाट पाहत राहते. जी कादंबरी ह्या दोघींच्या पुढे जाईल, जिच्यात एखादी अम्मा आलेली नोटीस उलटसुलट करून, खालची सही कोणाची आहे, असे विचारील, तिला दाद द्यावयास आम्ही उत्सुक आहोत. ती लिहिली जाईपर्यंत नोटिसा थांबणार नाहीत. त्या वाचून दाखवण्याचे काम तोवर वाचकांकडे आहे.